कपाटातली गावं

इंदुरातल्या मराठी घरांत वाढलेल्या मुलांना मराठी वाचता येतं, हे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना दर लग्नकार्यात नव्यानं सांगावं लागतं. शाळा हिंदी नाही तर इंग्रजी माध्यमाची, पण लिपी ओळखीचीच, त्यामुळे अक्षरांचं काही अडत नाही. अडतं ते पुढे. घरची मराठी आजीकडून आलेली असते, म्हणजे स्वयंपाकघरातली, सणावारांची, रागावण्याची आणि लाडाची. तिच्यात धनगरवाडा नसतो, भाताचं खाचर नसतं, सड्यावरून खाली बाजाराला उतरणारी वाट नसते. होळकरांच्या चाकरीला, नाही तर गिरणीत, रेल्वेत कुणी पूर्वज इकडे आला आणि माळव्याच्या काळ्या मातीत रुजला. भाषा त्याच्याबरोबर आली, जमीन मात्र तिकडेच राहिली.

मी नोकरीभर शाळेत भूगोल शिकवला. आता आमच्या भागातल्या छोट्याशा मराठी ग्रंथालयात शनिवारी संध्याकाळी पुस्तकं देण्या-घेण्याला बसते. तिथे येणारी तरुण मुलं-मुली बहुतेक वेळा एकच मागणं घेऊन येतात, "काकू, मराठीत काही तरी चांगलं द्या ना, पण फार जड नको." या मागण्याला उत्तर देता देता माझी एक यादी मनात तयार होत गेली. कथा-कादंबऱ्यांची, आत्मचरित्रांची, रानावनाच्या पुस्तकांची. त्या यादीत एक धागा आहे, तो आधीच सांगून टाकते. नुसतं निसर्गवर्णन करणारी पुस्तकं माझ्या हातून पुढे सरकत नाहीत. सूर्यास्त झाला, डोंगर निळे झाले, पाखरं परतली, असं पानभर वाचलं की मन दुसरीकडे जातं. पण त्याच डोंगरावर कुणी लाकूडफाटा तोडायला चढत असेल, मेंढरं घेऊन हिंडत असेल, वनखात्याची फेरी मारत असेल, तर तो डोंगर कायमचा लक्षात राहतो. जागा कळते ती तिथे राबणाऱ्या माणसाला. वर्गात काळी मृदा आणि सरासरी पर्जन्यमान शिकवताना माझ्या हाताशी हेच नसायचं, आणि या पुस्तकांत ते भरभरून आहे.

पहिलं पुस्तक देते ते व्यंकटेश माडगूळकरांचं, आणि त्यातही 'माणदेशी माणसं'. १९४९ चं पुस्तक, लहान लहान व्यक्तिचित्रं, एका बैठकीत एक होतं. 'झेल्या' वाचून झाल्यावर परत न येणारा वाचक मी अजून पाहिलेला नाही. 'रामा मैलकुली' नावाचंही एक चित्र त्यात आहे. रस्त्याच्या कामावरचा माणूस मराठी साहित्यात इतक्या लवकर आणि इतक्या बरोबरीच्या नात्यानं आला, याचं मला फार मोल वाटतं. लेखक त्याची कीव करत नाही आणि त्याला डोक्यावरही घेत नाही. शेजारी बसतो आणि बोलू देतो.

मग 'बनगरवाडी'. आमच्या ग्रंथालयातली तिची प्रत पुठ्ठा बांधून, नव्यानं जुजबंदी करून घेतलेली आहे, कारण ती सतत कुणाकडे तरी असते. कोवळ्या वयाचा एक मास्तर औंध संस्थानच्या नोकरीत रुजू होऊन माणदेशातल्या एका धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला निघतो. वाडीवर पोचतो तर शाळेत पोरंच नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे रानात असतात. कादंबरीची सगळी ताकद या साध्या अडचणीत आहे. शाळा भरवायची तर मेंढरं कधी चरायला जातात, पेरणी कधी, कुणाच्या घरात कुणाचा शब्द चालतो, म्हातारा कारभारी कशानं राजी होतो, हे सगळं मास्तराला शिकावं लागतं. त्याच्या कामानं त्याला माळरान वाचायला लावलं, आणि त्याच्या मागून आपण वाचतो. म्हणून त्या माळावरचं ऊन, धूळ, मेंढरांचा वास हे कुठेही मुद्दाम आणून ठेवल्यासारखं वाटत नाही. शेकूचा एक बैल कमी पडतो तेव्हा त्याची बायको स्वतः जुवाखाली खांदा देते. हा प्रसंग वाचताना मी दर वेळी थांबते. माडगूळकर तिथे एक शब्दही चढवून लिहीत नाहीत. पेरणीची वेळ निघून चालली आहे, बैल नाही, बाई धडधाकट आहे, एवढंच. वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं ते आपोआप.

माणदेशी बोलीला आमची मुलं सुरुवातीला बिचकतात. त्यांना मी सांगते की संवाद मोठ्यानं वाचा. डोळ्याला परकी वाटणारी बोली कानाला लगेच ओळखीची वाटते. माळवी आणि निमाडी ऐकत वाढलेल्या पोरांना तर गावाकडच्या बोलण्याचा हेल नवा नसतोच. आणखी एक गोष्ट सांगते, तिचा उपयोग होतो. कादंबरीत वाडीनं मिळून तालीम बांधली तेव्हा तिथे संस्थानचे राजे येतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी १९३५ साली आपल्या इंदुरात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. हे कळलं की माणदेश एकदम जवळ येतो. मग शेवटाकडे दुष्काळ पडतो, आणि एकेक घर समजावून ज्या वाडीची पोरं मास्तरानं शाळेत आणली ती वाडीच मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडते. शाळा राहते, गाव जातं. आपल्या घराण्यानंही कधी तरी असंच गाव सोडलं असणार, हे त्या पानांवर इंदूरच्या वाचकाला सांगावं लागत नाही.

माडगूळकरांचंच 'सत्तांतर' मी त्यानंतर देते, पण सगळ्यांना देत नाही. ही वानरांच्या टोळीची गोष्ट आहे. टोळीवर सत्ता कुणाची, ती कशी हिसकावली जाते, त्यात पिल्लांचं काय होतं, हे सगळं न कचरता सांगितलेलं. १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पातालपाणी किंवा चोरलला सहलीला गेल्यावर शेवेच्या पुड्यांवर झडप घालणारी वानरं आपण पाहतो आणि हसतो. 'सत्तांतर' वाचल्यावर त्याच वानरांकडे पाहण्याची नजर बदलते. कोण कुणाच्या जवळ बसलं आहे, कोण कुणाला वाट देतं आहे, हे आपण पाहू लागतो. शिकारीचा नाद असलेल्या माणसानं बंदूक ठेवून दिली आणि दिवसचे दिवस पाहत बसला, त्या बसण्यातून ही कादंबरी आली आहे. पाहत बसणं हेही कामच, आणि ते किती कष्टाचं असतं हे या पुस्तकाच्या प्रत्येक पानाला ठाऊक आहे.

मारुती चितमपल्लींबद्दल तर मला भरभरून बोलायचं असतं. सोलापूरचा मुलगा, कोईमतूरला वनविद्येचं शिक्षण, आणि मग महाराष्ट्राच्या वनखात्यात छत्तीस वर्षं. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही नावं मराठी माणसाच्या ओठांवर आली त्यात त्यांचा वाटा फार मोठा. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचं 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र जाडजूड आहे, म्हणून मी आधी 'रानवाटा' देते. या लेखकाचं वेगळेपण असं की तो खात्याचा अधिकारी असूनही रानातल्या माणसांपुढे विद्यार्थी होऊन बसतो. कोळी, गोंड, पारधी, गुराखी यांना जे ठाऊक असतं ते तो विचारून घेतो, टिपून ठेवतो, आणि मग संस्कृत ग्रंथांत त्याचा माग काढतो. पाखरांची, माशांची, झाडांची नावं त्यानं अशी आयुष्यभर गोळा केली. पक्ष्यांचा कोश करणारा माणूस नोकरीतल्या बदल्यांनी हिंडत होता, हे लक्षात घ्या. बदली म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा रडगाणं असतं. यांच्याकडे प्रत्येक बदली म्हणजे नवं रान.

आपल्याकडे सिरपूर तलाव आहे, यशवंतसागर आहे. दोन्ही २०२२ साली रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आले. थंडीत सिरपूरला सकाळी लवकर गेलात तर पाण्यावर बदकांचे थवे दिसतात, आणि यशवंतसागरच्या बाजूच्या शेतांत सारसांची जोडी दिसण्याचंही नशीब लाभू शकतं. 'रानवाटा' वाचून एकदा तिकडे जा. काठावर जाळी दुरुस्त करणारं कुणी भेटलं तर त्यांना पाखरांची नावं विचारा. पुस्तकातलं नाव, हिंदीतलं नाव आणि त्या माणसाचं नाव, तिन्ही वेगळी निघतात.

आता दुर्गाबाई. दुर्गा भागवत आपल्या इंदूरच्या. १० फेब्रुवारी १९१० चा त्यांचा जन्म इथला, आणि त्यांच्या धाकट्या बहिणीचा, शास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचाही. दोन्ही बहिणींनी आयुष्यभर बारकाईनं पाहण्याचं काम केलं, एकीनं प्रयोगशाळेत आणि दुसरीनं लोकांत, ग्रंथांत, झाडाझुडपांत. 'ऋतुचक्र' १९५६ चं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यामहिन्याचे लेख. शाळेच्या पुस्तकात 'वसंतहृदय चैत्र' वाचलेले लोक महाराष्ट्रात सापडतात, इथे सापडत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे ते कोऱ्या मनानं वाचलं जातं. हे एका अर्थी चांगलंच आहे.

या पुस्तकाबद्दल एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. मध्य प्रांतातल्या आदिवासी भागात संशोधनासाठी हिंडत असताना दुर्गाबाईंना विषबाधा झाली आणि पुढची कित्येक वर्षं आजारपणात गेली. हिंडणारी बाई जागेवर बसली. आणि साधारण त्याच काळात आपल्या शेजारी, देवासला, आणखी एक मोठं माणूस आजारी पडून होतं. कुमार गंधर्व क्षयाची बाधा झाल्यावर १९४८ च्या सुमारास कोरड्या हवेसाठी देवासला आले. गाणं बंद, बोलण्यावरही बंधन. अंथरुणावर पडून ते ऐकत राहिले, रस्त्यानं जाणाऱ्यांची, बायकांची, सणांची माळवी गाणी. पुढे त्यांनी 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' असे ऋतूंचे कार्यक्रम बांधले. दोघांची गाठ घालून मी काही सिद्धान्त मांडत नाही. पण ऋतूंवरचं इतकं जिवंत काम करणारी ही दोन माणसं दीर्घ आजारातून उठलेली होती, आणि दोघांचाही माळव्याशी संबंध होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला धावता येत नाही त्याला महिन्याभरात झाड किती बदलतं ते दिसतं.

'ऋतुचक्र' सलग वाचू नये. तो तो लेख त्या त्या महिन्यात वाचावा. दुर्गाबाईंचा पाऊस बहुतेक मुंबईच्या बाजूचा, तो ज्येष्ठात वाजत-गाजत येतो. आपल्याकडे त्याच दिवसांत जमीन भेगाळलेली असते आणि रात्री मात्र गच्चीवर गार वारं सुटतं. तेव्हा वाचताना आपली नोंद शेजारी ठेवावी. आमच्या ग्रंथालयाच्या प्रतीत आधीच्या कुणा वाचकानं पेन्सिलीनं अशा नोंदी केल्या आहेत. फाल्गुनाच्या पानावर लिहिलंय, "सिमरोल रस्ता, पळस पेटलेत." वैशाखाच्या पानावर, "रेसिडेन्सीतला अमलतास पुरा पिवळा." एका ठिकाणी नुसतं "इथे अजून नाही" एवढंच आहे. कशाबद्दल, ते शेजारचा परिच्छेद वाचल्यावर कळतं. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये हा नियम मीच सगळ्यांना सांगते, पण त्या नोंदी मी खोडलेल्या नाहीत आणि खोडणारही नाही. अक्षर बारीक, तिरकं आणि फार जुन्या वळणाचं आहे.

नर्मदेची गोष्ट थोडक्यात आटोपणार नाही, पण प्रयत्न करते. इंदूर नर्मदेचं पाणी पितं. जलूदहून पंपांनी चढवून, सुमारे सत्तर किलोमीटर वाहून आणलेलं हे पाणी १९७८ पासून आपल्या नळांना आहे. तरी नर्मदा आपल्या बोलण्यात येते ती पाणी आलं की नाही एवढ्यापुरती, नाही तर ओंकारेश्वरच्या एका दिवसाच्या दर्शनापुरती. गो. नी. दांडेकरांचं 'कुणा एकाची भ्रमणगाथा' हे पुस्तक मी इथल्या प्रत्येक मराठी घरात असावं म्हणते ते यासाठी. गोनीदा कोवळ्या वयात घर सोडून बाहेर पडलेले. गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, आणि नर्मदेची परिक्रमा पायी केली. नदी सतत उजव्या हाताला, तिचं पात्र ओलांडायचं नाही, जवळ शिधा नाही, मिळेल ते खायचं, जिथे सांज होईल तिथे टेकायचं. असा माणूस काठाचं वर्णन करतो तेव्हा त्यात भूक असते, पायांचे फोड असतात, दार उघडणाऱ्या बाईचा चेहरा असतो. परिक्रमेवरची मराठी पुस्तकं गेल्या काही वर्षांत पुष्कळ निघाली, त्यांत चमत्कारांचा भाग फार. गोनीदांच्या पुस्तकात माणसं आहेत. शिवाय त्यांनी पाहिलेला काठ आता बऱ्याच ठिकाणी धरणांच्या पाण्याखाली गेला आहे, तेव्हा हे पुस्तक एका बुडालेल्या प्रदेशाचा नकाशाही आहे. गोनीदांचं 'माचीवरला बुधा' त्यापेक्षा लहान आणि सोपं. मुंबई सोडून राजमाचीला एकटा राहायला गेलेला म्हातारा, त्याचं कुत्रं, त्याची झाडं, खारी. ज्यांच्या घरात निवृत्तीनंतर कुठे राहायचं यावर चर्चा चालू आहे, त्यांनी अवश्य न्यावं.

प्रवासाचंच दुसरं पुस्तक, आणि माझ्या मते मराठीतल्या सर्वांत चांगल्या गोष्टींपैकी एक, गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक ब्राह्मण. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, अशी वार्ता आली म्हणून काकांबरोबर उत्तरेला निघाले. साल १८५७. महूच्या आसपास पोचतात तो वाटेत शिपाई भेटतात आणि काडतुसांची, बंडाची बातमी सांगतात. महू! आपण रविवारी जिथे फिरायला जातो ते महू. तिथून पुढे दक्षिणा मिळवायला निघालेला हा माणूस ग्वाल्हेर, झाशी, काल्पी असा त्या आगीतून हिंडत राहतो, लुबाडला जातो, उपाशी राहतो, झाशीच्या वेढ्यात सापडतो.

इतिहासाची पुस्तकं सेनापतींच्या बाजूनं लिहिलेली असतात. इथे सांगणारा आहे पोटासाठी निघालेला माणूस, आणि त्याचं लक्ष कुठे जातं ते पाहा. जेवण कुठे मिळालं, विहिरीला पाणी होतं का, कोणत्या वाड्यात ब्राह्मणाला आसरा मिळाला, राणीचा पोशाख कसा होता, कुणी किती दक्षिणा दिली. हे त्याचं काम आहे, म्हणून हे त्याला दिसतं. झाशी पडल्यावर शिपायांनी तिथल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस केली, ते त्यानं फार कळवळून सांगितलं आहे. ते पान मी ग्रंथालयातल्या प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला वाचायला देते. शेवटी मिळवलेलं सारं गमावून, पण काशीच्या गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो घरी पोचतो. चिं. वि. वैद्यांच्या आग्रहावरून त्यानं हे लिहिलं आणि १९०७ साली ते छापलं गेलं. भाषा जुनी आहे, पण घाबरू नका. पहिल्या काही पानांत सूर लागला की पुस्तक हातातून सुटत नाही. गोष्ट कशी सांगावी हे ज्यांना शिकायचं आहे त्यांना मी दोनच पुस्तकं सांगते. एक हे.

दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं सांगितलेलं आयुष्य. १९३४ मध्ये त्याचा पहिला भाग आला. वडिलांचं कडक सोवळं, कवी नवऱ्याचं लहरी चालणं, त्यांचं धर्मांतर, ताटातूट, मग पुन्हा एकत्र येणं. यातल्या कुठल्याही एका प्रसंगावर दुसऱ्या कुणी रडकी कादंबरी लिहिली असती. लक्ष्मीबाई सरळ सांगत जातात आणि हसू येईल तिथे हसतात. आमच्याकडे येणाऱ्या आज्यांमध्ये हे पुस्तक सर्वांत जास्त फिरतं. त्यांतल्या एकीनं परत देताना म्हटलं होतं, "हिनं कुणाचीही तक्रार केली नाही गं, तरी सगळ्यांचं सगळं सांगितलं." याहून नेमकं परीक्षण मी कुठल्या मासिकात वाचलेलं नाही.

इरावती कर्व्यांचं 'परिपूर्ती' आणि त्यातला पंढरीच्या वाटचालीचा लेख यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं, म्हणून इथे नुसतं नाव घेते.

'आयदान' मात्र नुसत्या नावावर सोडवत नाही. उर्मिला पवारांचं हे आत्मकथन २००३ चं. रत्नागिरीजवळच्या गावातल्या बायका डोक्यावर ओझी घेऊन पहाटे निघतात, डोंगर चढतात-उतरतात, शहराच्या बाजारात लाकूड, गवत असं काही काही विकतात आणि परततात, अशा वाटेच्या वर्णनानं ते सुरू होतं. कोकण म्हटलं की आपल्या इंदुरी डोळ्यांपुढे काय येतं? समुद्र, नारळ, आंबे, सुट्टी. 'आयदान'मधलं कोकण मानेवरच्या ओझ्यातून दिसतं. चढ कुठे जीवघेणा आहे, सावली कुठे आहे, बसायला दगड कुठे आहे, पाणी कुणाच्या विहिरीवर मिळतं आणि कुणाच्या नाही. जातीनं आखलेली गावाची हद्द त्या वाटेत पावलोपावली आहे. वडील गेल्यावर लेखिकेची आई बांबूच्या टोपल्या, सुपं, म्हणजेच आयदान, विणून घर चालवते. दिवसभर विणत बसलेली ती आई पुस्तकभर मागे दिसत राहते, आणि आपलं लिहिणं आणि आईचं विणणं यांची वीण एकच आहे, असं लेखिकेनं स्वतःच म्हटलं आहे. मी हे पुस्तक वाचल्यानंतर रस्त्याकडेला बांबूचं काम करणाऱ्या बायकांपाशी उभी राहू लागले. बांबू उभा चिरायचा, त्याच्या पातळ पट्ट्या काढायच्या, पट्टीची आतली बाजू तासून मऊ करायची, तळ विणायला पायाच्या अंगठ्यानं दाब द्यायचा. बोटांवर चिरा पडलेल्या असतात. सुपाची किंमत विचारून घासाघीस करणाऱ्यांनी तळ विणताना एकदा पाहावं.

एका मुलीनं 'आयदान' परत देताना विचारलं, "काकू, असं आपल्या इंदूरचं काही आहे का?" मी तिला नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' दिलं, कारण त्या क्षणी तेच सर्वांत जवळचं होतं. १९६६ चा कवितासंग्रह. गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी सांभाळलेलं बेवारस पोर, ज्यानं गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई झालं, मग शिक्षक झालं, आणि मराठी कवितेत कामगाराला त्याच्याच आवाजात बोलायला लावलं. मुंबईच्या गिरणगावाची ही कविता आपल्या पाटणीपुऱ्यात, परदेशीपुऱ्यात, इंदूरच्या गिरणी कामगारांच्या वस्त्यांत, कुणीही समजू शकतं.

पण तिचा प्रश्न बरोबर होता. आमच्या कपाटात माणदेश आहे, कोकण आहे, नागझिरा आहे, गिरणगाव आहे. इंदूरच्या गिरण्या नाहीत. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. या गिरण्यांवर अख्खं शहर उभं राहिलं आणि पुढे त्या एकेक करून बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि तिथल्या हजारो कामगारांना त्यांचे हक्काचे पैसे मिळायला २०२३ उजाडलं. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, मात्र अजून निघतात, रात्रभर, दिव्यांनी झगमगत. भोंगे बंद होऊन किती तरी वर्षं झाली तरी कामगारांनी त्या बंद पडू दिल्या नाहीत.

या गिरण्यांत काम केलेले मराठी काका आमच्याकडे वर्तमानपत्र वाचायला येतात. सुर्व्यांच्या कविता त्यांतल्या काहींना पाठ आहेत. त्यांना मी आता कोऱ्या वह्या देऊ लागले आहे, आणि लिहायचं नसेल तर मुलं फोनवर ध्वनिमुद्रण करून घेतात. प्रश्न आम्ही ठरवले आहेत. साचे खात्यात उकाडा किती असायचा आणि त्यावर उपाय काय करायचात? तिसऱ्या पाळीला घरून निघताना रस्त्यात कोण कोण भेटायचं? डबा कुठे बसून खायचात, कुणाशेजारी, आणि कुणाशेजारी बसत नव्हता? गैरहजर माणसाच्या जागी घेतल्या जाणाऱ्या बदली कामगाराला फाटकावर किती वेळ उभं राहावं लागायचं? कापसाचा तंतू छातीत जातो हे कधी कळलं? झांकीची चाकं कुणी बनवली, लाकूड कुठून आणलं, दिव्यांची वायर कुणी ओढली? गिरणीच्या आवारात झाडं कुठली होती, आणि त्यांतली आज कुठली उभी आहेत? ज्यांच्या घरात असं कुणी असेल त्यांनी हेच प्रश्न घेऊन येत्या रविवारी त्यांच्यापाशी बसावं, आणि जे मिळेल ते आमच्याकडे आणून द्यावं.